धनी पालटलेला राखणदार

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं एक पाहुणा आला आणि तो कायमचाच राहिला. आमच्या एका स्नेह्यांस नोकरीनिमित्त परदेशीं जावें लागलें. त्यांचें सामानसुमान विकलें गेलें, पुस्तकें इष्टमित्रांत वांटलीं गेलीं, आणि सरतेशेवटीं उरला तो त्यांचा चार वर्षांचा कुत्रा. जात जर्मन शेफर्ड. आपल्याकडे ज्याला अजूनही पुष्कळजण अल्सेशियन म्हणतात ती. स्नेह्यांनीं साखळी आमच्या हातीं दिली आणि निरोप घेतांना त्याचे दोन दोष मोठ्या प्रामाणिकपणें सांगून टाकले. रस्त्यानें स्कूटर गेली कीं तो तिच्यामागें धांवतो, आणि मुलें पळूं लागलीं कीं त्यांच्या टांचांना हलकेंच तोंड लावतो. बाकी सर्व गुणच आहेत, असें म्हणून त्यांनीं डोळे पुसले.

पहिले दोन दिवस त्यानें अन्नास स्पर्श केला नाहीं. फाटकाकडे तोंड करून तो बसून असे. तिसऱ्या दिवशीं त्यानें थोडें खाल्लें. चवथ्या दिवशीं तिन्हीसांजेच्या सुमारास मात्र आमच्या घरांत एक नवलच घडलें. मंडळी चार ठिकाणीं पांगलेली होती. कोणी माडीवर, कोणी स्वयंपाकघरांत, मुलें परसांत. हा उठला, एकेकाकडे गेला, आणि नाकानें पोटरीला ढुशी देत, वाटेंत आडवा होत, ज्याला त्याला पुढें घालून ओटीवर घेऊन आला. सगळीं माणसें एके जागीं जमलीं असें पाहतांच त्यानें उंबऱ्यावर अंग टाकलें आणि एक लांब श्वास सोडला. आमच्या मातुःश्री हातांतलें सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अरे, हा तर आपल्याला मेंढरांसारखें हाकून आणतो आहे!" त्या विनोदानें बोलल्या, पण तें अक्षरशः खरें होतें.

स्नेह्यांनीं दोष म्हणून सांगितलेल्या त्या दोन गोष्टी आणि आम्हांस कौतुकाची वाटलेली ही तिसरी, या तिन्ही एकाच मुळाच्या फांद्या होत. त्या मुळाचा शोध घेतां घेतां आम्ही बरेच मागें गेलों. पहिल्या धन्याच्या हातून किंवा आश्रयगृहांतून मेंढपाळ जातीचें कुत्रें घरीं आणण्याची चाल आतां आपल्या शहरांतूनही रुळूं लागली आहे. या चालीमागें जो इतिहास आहे तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

मेंढपाळाचीं कुत्रीं म्हटलीं म्हणजे तीं सारीं एकाच धंद्याचीं असा सामान्य समज असतो. पण तो बरोबर नाहीं. त्यांत दोन अगदीं निराळे वर्ग आहेत. पहिला वर्ग राखणदारांचा. हे कुत्रे अंगानें थोराड, पिलूंपणापासून मेंढरांतच वाढलेले, आणि कळपालाच आपलें गोत मानणारे. हिमालयांतील गद्दी व बकरवाल लोकांचे कुत्रे या वर्गांत मोडतात. आपल्याकडील कांहीं धनगर दिवाळीनंतर मेंढरें घेऊन घाट उतरतात व कोंकणांत वस्ती करतात. त्यांच्या वाघरांभोंवतीं रात्रभर जागून लांडग्याची चाहूल घेणारा जो कुत्रा, तोही राखणदारच. धनगरांच्या खंडोबाच्या घोड्याजवळ आपण चित्रांत ज्याला पाहतों तो याचाच भाऊबंद.

दुसरा वर्ग हाकणाऱ्यांचा. हे अंगानें हलके, पायानें चपळ, आणि कळपांत न बसतां कळपाच्या कडेनें धांवणारे असतात. यांची विद्या मुळांत लांडग्याची आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भक्ष्यावर नजर रोखणें, दबा धरणें, पाठलाग करणें, घेरणें, चावणें आणि ठार मारणें, अशा लांडग्याच्या शिकारीच्या पायऱ्या. मेंढपाळांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून पहिल्या पायऱ्या वाढविल्या आणि शेवटच्या बोथट केल्या. जें कुत्रें मेंढराला फाडी तें ठेवलें जात नसे. जें नुसत्या नजरेनें वळवी त्याची वीण वाढविली जाई. अशा रीतीनें लांडग्याच्याच अंगांतून लांडग्याच्या भक्ष्याचा सेवक निर्माण झाला. टांचेला हलकेंच तोंड लावणें हा या प्राण्याचा दुष्टपणा नव्हे. तो त्याच्या धंद्याचा अवशेष आहे.

इ. स. 1570 मध्यें केंब्रिजच्या जॉन कीझ या विद्वान् वैद्यानें इंग्लंडांतील कुत्र्यांविषयीं एक लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत तो लिहितो त्याचा आशय असा, कीं आमच्या देशांत आतां लांडगे उरले नाहींत, म्हणून आमच्या मेंढपाळाचा कुत्रा धिप्पाड असण्याचें कारण नाहीं. तो मध्यम बांध्याचा असतो आणि धन्याच्या शिळेवर चालतो. अन्य देशांत मेंढपाळ पुढें व मेंढरें मागें अशी रीत. इंग्लंडांत मेंढरें पुढें आणि मेंढपाळ मागें. हें शक्य झालें तें या कुत्र्यामुळेंच.

परंतु पशुधन हुडकून आणणारें कुत्रें आपल्या वाङ्मयास अपरिचित आहे असें मात्र नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत देवशुनी सरमा आणि पणि यांचा प्रसिद्ध संवाद आहे. पणींनीं गाई दडविल्या. इंद्राची दूती होऊन सरमा नदीपार जाऊन त्यांचा माग काढते. धमक्यांनीं ती बधत नाहीं असें पाहून पणि तिला निराळेंच आमिष दाखवितात : तूं परत जाऊं नकोस, आम्ही तुला बहीण मानतों, गाईंतला वांटा तुला देतों. सरमा तें नाकारते. असलें भाऊपण-बहीणपण आपण जाणत नाहीं, असें ती सांगते. धनी पालटण्याचें आमंत्रण एखाद्या कुत्रीला आल्याचें याहून जुनें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि तें आमंत्रण नाकारलें गेलें, म्हणूनच कुत्र्याच्या इमानाविषयींची आपली कल्पना अशी बनली आहे, कीं ज्यानें धनी पालटला त्याचें इमान उणें झालें. ही कल्पना कितपत खरी आहे तें आतां पाहूं.

स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील एट्रिकच्या खोऱ्यांत जेम्स हॉग (1770–1835) नांवाचा एक मेंढपाळ कवि होऊन गेला. त्यानें आपल्या मेंढपाळीच्या आठवणी 1829 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या, त्यांत सिरा नांवाच्या कुत्र्याची हकीकत आहे. एक गुरेंमेंढरें हाकणारा व्यापारी या कुत्र्याला दोरीनें ओढीत नेत होता. कुत्रा उपाशी, हाडांचा सांपळा झालेला, वर्षभराचाही नसेल, आणि जन्मांत त्यानें एकही मेंढरूं वळविलेलें नव्हतें. पण त्याच्या खिन्न चेहऱ्यांत हॉगला कांहीं एक समज दिसली, आणि एक गिनी देऊन त्यानें तो विकत घेतला. स्वभावानें हा कुत्रा घुमा. लाडीगोडी त्याला ठाऊक नव्हती. परंतु आपल्याकडून काय हवें आहे हें एकदां कळल्यावर त्यानें जी शिकण्याची हौस दाखविली तिचें वर्णन करतांना हॉगची लेखणी थकत नाहीं.

एके रात्रीं आईपासून तोडलेलीं सुमारें सातशें कोंकरें बिथरलीं आणि तीन टोळ्या होऊन अंधाऱ्या डोंगरांत उधळलीं. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर रानोमाळ हिंडले. कोंकरें नाहींत, कुत्राही नाहीं. पहाटे रिकाम्या हातीं धन्याकडे जाऊन आपण सारा कळप घालविला असें सांगण्याची त्यांनीं तयारी केली. तों परततांना एका खोल घळींत त्यांना कोंकरें दिसलीं, आणि समोर एकटा सिरा पहारा करीत उभा होता. प्रथम त्यांना वाटलें कीं ही तिघांतली एक टोळी असेल. मोजून पाहतात तों सातशेंपैकीं एकही कमी नव्हतें. काळोखांत, कोणाचें साहाय्य नसतां, तीन दिशांना पळालेली कोंकरें त्यानें एकत्र कशीं केलीं, हें हॉगला शेवटपर्यंत उलगडलें नाहीं.

ही गोष्ट आम्हांस नुसत्या अद्भुतासाठीं सांगावयाची नाहीं. सिरा हा दुसऱ्याच्या हातून आलेला, मोडीत निघालेला कुत्रा होता, हा तिच्यांतील मुद्दा आहे. आणि तो अपवाद होता असेंही नाहीं. मेंढपाळांच्या जगांत कुत्र्याचा हातपालट ही नित्याची गोष्ट होती. कुत्रा विकला जाई, बदलला जाई, शेजाऱ्याला दिला जाई. पण त्या हातपालटांत आणि आजच्या हातपालटांत एक मोठा भेद आहे. त्या वेळीं माणूस बदले, डोंगर बदले. परंतु मेंढरें तींच, आणि काम तेंच. नव्या धन्याच्या दारीं पोंचलेल्या कुत्र्याला दुसऱ्याच दिवशीं आपला धंदा सांपडे.

हें काम किती नाजूक आहे याची ओळख शहरी लोकांना पुढें शर्यतींनीं करून दिली. ब्रिटनमधील पहिली नोंदलेली मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा 1873 सालीं वेल्समध्यें बाला येथें झाली. आणि वेल्सच्या भूमींत ती जिंकली तेथें राहणाऱ्या एका स्कॉच मेंढपाळाच्या ट्वीड या कुत्र्यानें. वीस वर्षांनीं, 1893 मध्यें, नॉर्दंबरलंडांत ॲडम टेल्फर याच्या घरीं हेम्प नांवाचा कुत्रा जन्मला. तो भुंकत नसे, चावत नसे; खालीं वांकून नजर रोखून मेंढरांना हलवी. 1901 मध्यें तो मेला, पण आजच्या बहुतेक सर्व बॉर्डर कॉलींच्या वंशावळी त्याच्यापर्यंत जाऊन भिडतात. 1906 मध्यें या कुत्र्यांसाठीं आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. याच जातीच्या चेसर नांवाच्या एका कुत्रीला अमेरिकेंतील एका मानसशास्त्रज्ञानें 1022 वस्तूंचीं नांवें शिकविलीं, असा निबंध 2011 मध्यें प्रसिद्ध झाला. एवढी बुद्धि जेथें आहे तेथें तिला खाद्य न मिळाल्यास काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत या प्राण्याचा धंदा बसूं लागला. कुरणांना कुंपणें पडलीं, गिरण्या वाढल्या, मेंढवाडे ओस पडले. ही पुढची अडचण ज्यानें ओळखली तो जर्मन घोडदळांत अधिकारी राहिलेला माक्स फॉन श्टेफानिट्स हा होय. 3 एप्रिल 1899 रोजीं कार्ल्सरूह येथील प्रदर्शनांत त्यानें चार वर्षांचा हेक्टर नांवाचा एक मेंढपाळ कुत्रा पाहिला, आणि तेथल्या तेथें तो विकत घेतला. त्याचें नांव बदलून होरांड फॉन ग्राफ्राट असें ठेवलें. त्याच महिन्याच्या 22 तारखेस जर्मन मेंढपाळ कुत्र्यांची संस्था निघाली व तिच्या नोंदवहींत पहिला आंकडा होरांडाला मिळाला. जगांतील यच्चयावत् जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा हा मूळपुरुष. म्हणजे आमच्या ओटीवर बसलेल्या पाहुण्याचा आदिपुरुषही चवथ्या वर्षीं परक्या घरीं आलेला आणि नवें नांव घेतलेला कुत्रा होता! हें वाचून आमच्या मुलांना झालेला आनंद सांगतां येत नाहीं.

श्टेफानिट्स नुसत्या रूपाचा भोक्ता नव्हता. उपयोग आणि बुद्धि या दोन कसोट्या त्यानें आपल्या जातीला लाविल्या. मेंढरें कमी होणार हें दिसतांच त्यानें पोलिसखात्याकडे व लष्कराकडे धांव घेतली, कीं या प्राण्याला दुसरें काम द्या. पहिल्या महायुद्धांत हे कुत्रे निरोप नेऊं लागले, रणांगणावर जखमी शिपाई हुडकूं लागले. आणि 1916 मध्यें ओल्डेनबुर्ग येथें युद्धांत अंध झालेल्या शिपायांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. मेंढरांचा वाटाड्या माणसांचा वाटाड्या झाला. इंग्लंडांत मात्र त्या काळीं जर्मन या शब्दाचाच विटाळ होता. म्हणून 1919 मध्यें तेथें याच कुत्र्याची अल्सेशियन म्हणून नोंद झाली. मूळ नांव पुनः रीतसर मिळावयास 1977 साल उजाडावें लागलें. आपल्याकडे रुळलेलें नांव तें हें.

आतां आश्रयगृहांकडे वळूं. ज्या कुत्र्याला धनी उरला नाहीं त्याचें काय करावें, हा प्रश्न मुंबईंत लंडनच्या आधीं पेटला होता. 1832 च्या जून महिन्यांत बेवारशी कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मुंबईंत मोठा दंगा झाला. त्यांत पारशी लोक अग्रभागीं होते, आणि त्याला कारण होतें. त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथाच्या तेराव्या भागांत मेंढ्यांचा कुत्रा आणि घराचा कुत्रा या दोघांना मोठा मान दिला आहे. त्यांना इजा करणाऱ्यास, इतकेंच नव्हे तर निकृष्ट अन्न घालणाऱ्यासही शिक्षा सांगितली आहे. आणि हे दोघे नसते तर पृथ्वीवर घरें टिकलीं नसतीं, असा त्यांतील अभिप्राय आहे. दंग्यानंतर दोन वर्षांनीं, 1834 मध्यें, जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शेट यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

लंडनमध्यें मेरी टील्बी या बाईंनीं 1860 सालीं हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं तात्पुरतें घर काढलें. दरिद्री माणसें रस्त्यावर मरत असतां कुत्र्यांचे हे चोचले कशाला, अशी टाइम्स पत्रानें थट्टा केली. परंतु 1862 मध्यें डिकन्सच्या साप्ताहिकांत या गृहाची बाजू घेणारा लेख आला. श्रीमंतांच्या कुत्र्यांचें प्रदर्शन एकीकडे आणि हें अनाथगृह दुसरीकडे, अशी त्यांत तुलना होती. टील्बीबाई 1865 मध्यें वारल्या. 1871 मध्यें तें गृह बॅटर्सी येथें गेलें व तेथें तें अजूनही चालू आहे.

या दोन संस्थांमागील कल्पना निरनिराळ्या आहेत. आपल्या पांजरापोळीचें तत्त्व जीवदयेचें : आलेल्या जीवाला मरेपर्यंत चारा घालावा. लंडनच्या गृहाचें तत्त्व असें, कीं कुत्र्याचें खरें स्थान माणसाच्या घरीं आहे. हरवला असेल तर जुन्या घरीं, तें नसेल तर नव्या घरीं. पहिल्या तत्त्वांत करुणा अधिक आहे. दुसऱ्यांत कुत्र्याच्या स्वभावाची ओळख अधिक आहे, असें आम्हांस वाटतें. कारण गाय गोठ्यांत सुखानें वृद्ध होते. पण मेंढपाळ कुत्र्याला नुसतें अन्न आणि छप्पर दिलें तर तो जगतो, नांदत नाहीं.

15 सप्टेंबर 1918 रोजीं फ्रान्समधील फ्लिरे या उध्वस्त गांवीं ली डंकन नांवाच्या अमेरिकन शिपायाला तोफांनीं मोडलेल्या एका श्वानगृहांत एक जर्मन शेफर्ड कुत्री आणि तिचीं पांच पिलें सांपडलीं. डंकन स्वतः लहानपणीं कांहीं काळ अनाथाश्रमांत राहिलेला होता. त्यानें त्यांतलीं दोन पिलें ठेवून घेतलीं. त्यांपैकीं एक पुढें रिन टिन टिन या नांवानें मूकपटांच्या जगांत गाजला. दुसरें उदाहरण याहून शांत, पण आमच्या मतें थोर आहे. 1928 मध्यें मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडला डोरोथी यूस्टिस या बाईंच्या श्वानशाळेंत गेला व तेथून एक कुत्री घेऊन परतला. तिचें शाळेंतलें नांव किस. भर रस्त्यांत त्या नांवानें हांक मारण्याची लाज वाटून त्यानें तिचें नांव बडी ठेवलें. न्यू यॉर्कमधील गाड्यांनीं गजबजलेला रस्ता बडीनें त्याला वार्ताहरांच्या देखत पार करून दिला. 1929 मध्यें त्यांच्या प्रयत्नानें अमेरिकेंतील पहिली अशी शाळा निघाली.

परंतु चित्रपटांनीं आणि कादंबऱ्यांनीं या प्राण्याचें कल्याणच केलें असें म्हणतां येणार नाहीं. एरिक नाइट याची लॅसीची कादंबरी 1940 मध्यें निघाली व 1943 मध्यें तिचा चित्रपट झाला. यॉर्कशायरमधील खाणकामगार बेकार होतो. कॉली कुत्री एका सरदाराला विकावी लागते. ती स्कॉटलंडाहून शेंकडों मैल चालत परत येते. लोक रडले ते कुत्रीच्या इमानासाठीं. पण त्या कथेचा खरा विषय गरिबी हा आहे. कुत्रें टाकणारा प्रत्येक माणूस निर्दय नसतो. कोणाची नोकरी जाते, कोणाचें घर मोडतें, कोणी आजारी पडतो. कथेंतही सरदार त्या बापाला चाकरी देतो तेव्हांच गुंता सुटतो.

आणि लॅसीची भूमिका केलेल्या कुत्र्याची हकीकत तर कथेहून बोधप्रद आहे. त्याचें नांव पाल. तो सारखा भुंकतो आणि मोटारसायकलींच्या मागें धांवतो, म्हणून त्याच्या धन्यानें त्याला रड वेदरवॅक्स या शिक्षकाकडे सुधारण्यास पाठविलें. भुंकणें थांबलें, धांवणें थांबेना. धन्यानें कंटाळून शिक्षणाच्या देण्यापोटीं कुत्राच शिक्षकाला देऊन टाकला! जो दुर्गुण म्हणून एका घरांतून त्याला जावें लागलें तो दुसऱ्या घरीं कामाला जुंपला गेला, आणि साऱ्या जगानें त्याचें कौतुक केलें. हें आम्हीं वाचलें तेव्हां आमच्या पाहुण्याच्या स्कूटरींची आठवण होऊन आम्ही मनांत वरमलों. आम्हीं त्याला त्या आठवड्यांत दोनदां फटकारलें होतें.

रुपेरी पडद्यावर पाहिलें तें घरीं असावें, ही हौस मात्र पुष्कळ कुत्र्यांना भोंवली. पडद्यावरचा कुत्रा दिवसभर शिकविला जातो. घरीं आणलेला दिवसभर बांधला जातो. मग तो भिंती कोरतो, भुंकतो, एखाद्या मुलाच्या टांचेला दांत लावतो, आणि एके दिवशीं त्याची रवानगी होते. अज्ञानानें एखाद्या जातीचें नांव किती बद्दू होतें याचें उदाहरण ऑस्ट्रेलियाचें. हा कुत्रा रानकुत्र्यांत मिसळून मेंढरें फाडील या भीतीनें 1929 मध्यें तेथें अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घालण्यांत आली व ती कित्येक दशकें टिकली. मेंढ्या राखण्यासाठीं जन्मलेल्यावर मेंढ्या मारण्याचा आरोप! दैवगति म्हणतात ती हीच.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आमच्या मतें एकच निघतो. सिरा, होरांड, बडी, पाल, यांपैकीं प्रत्येकाचा धनी पालटला. दोघांचें तर नांवही पालटलें. बडीचा देश पालटला. त्यानें कोणाचेंही कांहीं बिघडलें नाहीं. म्हणून नव्या घरीं कुत्रा रुळणार नाहीं, त्याचें मन जुन्याच घरीं राहील, ही भीति बहुतांशीं निराधार आहे. धनी पालटला तर हें कुत्रें कांहीं दिवस दुःख करतें आणि सांवरतें. काम हरवलें तर तें सांवरत नाहीं.

तेव्हां असें कुत्रें घेऊं इच्छिणाऱ्यानें प्रथम आपल्या घराची परीक्षा करावी, मग कुत्र्याची. सकाळसंध्याकाळ मिळून दोन घटका तरी त्याच्यासाठीं रोज काढतां येतील काय? वस्तु लपवून हुडकावयास लावणें, हांकेवर थांबणें व परतणें, घरांतील लहानसहान कामें, असें कांहीं आपण त्याला शिकवूं काय? दाट दुहेरी लोकरीचें हें जनावर थंड देशांतलें. आपल्याकडच्या वैशाखांत त्याला पहाटेच फिरवावें लागतें आणि दुपारीं गार फरशी द्यावी लागते. कॉलीच्या जातींत आणखी एक नाजूक गोष्ट आहे. त्यांपैकीं पुष्कळांच्या अंगीं असा एक आनुवंशिक दोष असतो, कीं गोचीड व खरूज यांवर सर्रास वापरलें जाणारें आयव्हरमेक्टिन हें औषध मोठ्या मात्रेंत त्यांना विषासारखें बाधतें. हा शोध 2001 मध्यें लागला. जनावरांच्या डॉक्टरांस कुत्र्याची जात आधीं सांगावी, हें त्यामुळें अगत्याचें झालें आहे. ज्यांना हें सर्व जमणार नाहीं त्यांनीं आपल्या गल्लींतलेंच एखादें शांत गांवठी कुत्रें पाळावें. तें आपल्या हवेंत मुरलेलें असतें, आणि त्यालाही घर हवेंच असतें.

जुन्या धन्यालाही एक कर्तव्य आहे. दोष लपवूं नयेत. आमच्या स्नेह्यांनीं ते सांगितले म्हणून आम्हांस उपाय शोधतां आला. मुकाट्यानें गाडींतून दूर नेऊन सोडून देणारे लोक आजही आढळतात. जनावर उपासमारीनें हाल भोगील अशा स्थितींत तें टाकून देणें हा 1960 च्या कायद्यानें आपल्या देशांत गुन्हा आहे. आणि कायद्याहून जुनी एक साक्ष आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागें जो कुत्रा चालत राहिला तो त्यानें विकत आणलेला नव्हता, पिलूंपणापासून वाढविलेला नव्हता. तो वाटेवर मागें लागलेला होता. पण मागें लागला एवढ्यावरूनच धर्मराजानें त्याचा भार आपला मानला, आणि त्याला सोडून स्वर्गांत जाण्यास नकार दिला. किती दिवसांचा परिचय, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं.

आमच्या पाहुण्याला आतां वर्ष झालें. स्कूटरींच्या मागें धांवणें पुरतें गेलेलें नाहीं. परंतु त्याआधीं तो एकदां आमच्या तोंडाकडे पाहतो, आणि "थांब" म्हटलें कीं थांबतो. रोज संध्याकाळीं मुलांचीं खेळणीं गोळा करून टोपलींत टाकण्याचें काम त्याच्याकडे दिलें आहे व तें तो मोठ्या गांभीर्यानें करतो. मागल्या महिन्यांत स्नेह्यांनीं परदेशांतून दूरध्वनि केला. त्यांचा आवाज ऐकतांच हा ताडकन् उठला, यंत्राभोंवतीं फिरला, दारामागें जाऊन पाहून आला. "मला विसरला का हो तो?" त्यांनीं विचारलें. आम्हीं खरें तेंच सांगितलें. घर त्यानें आमचें मानलें आहे. पण तिन्हीसांजा आम्हां सर्वांना ओटीवर आणून बसविल्यावर, उंबऱ्यावर अंग टाकण्यापूर्वीं, तो एकवार फाटकाकडे पाहून घेतो. त्याच्या मोजणींत तुम्ही अजून आहांत.